उघाडी कोणी उघडली

शिरखारला भांडण व्रतासारखं पाळलं जायचं. नेम ठरलेले, पथ्यं ठरलेली, आणि चुकून मोडलं तर काय करायचं तेही ठरलेलं. गाव वडखळच्या पुढे, खाडीकाठी. मधोमध शाळा, तिच्या एका अंगाला वरचा पाडा, दुसऱ्या अंगाला खालचा. वरचा म्हणून काही डोंगरावर नाही. उधाणाचं पाणी त्याच्या अंगणाला जरा उशिरा लागतं, एवढाच त्याचा मोठेपणा.

या दोन पाड्यांत चाळीसेक वर्षं येणंजाणं नव्हतं. होळ्या दोन, हंड्या दोन, गौरी दोन. गावात येणाऱ्या एकुलत्या एसटीत वरचे उजव्या खिडक्यांशी बसायचे, खालचे डाव्या. नवा कंडक्टर आधी बुचकळ्यात पडायचा आणि आठवड्याभरात आपणच विचारायला लागायचा, "वरचे का खालचे?" कोंबडी पलीकडे गेली तर मालकाने ती मेली असं धरायचं. पलीकडच्यांनीही ती कापायची नाही, कारण वैऱ्याचं अन्न. त्यामुळे अख्ख्या पेण तालुक्यात कोंबडीला म्हातारपणाने मरण यायचं ते फक्त शिरखारला.

हे सगळं उघाडीपायी. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि त्या बांधाला फळ्यांचं एक दार ठेवतात. ती उघाडी. ओहोटीला फळ्या काढून पावसाचं साचलेलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती यायच्या आत फळ्या परत लावायच्या. एका श्रावणात, पाऊस मुसळधार कोसळत असताना, रात्री कोणीतरी फळ्या काढल्या. सकाळी लोक बघतात तर भातात खारं पाणी. त्या साली पीक गेलं, पुढची काही सालं जमीनही रुसली.

वरचे म्हणाले, खालच्यांनी काढल्या. खालचे म्हणाले, वरच्यांनी. गावदेवीच्या देवळात गावकी बसली, काठ्या निघाल्या, डोकी फुटली. शेवटी जाणत्या म्हाताऱ्यांनी बोल दिला: ज्यानं उघाडी उघडली त्यानं चारचौघांत "आमीच उघडली" म्हणून सांगावं, पलीकडच्या पाड्याच्या गौरीपुढं नारळ ठेवावा, की सगळं माफ. तवर येणं नाय, जाणं नाय, पाणी नाय, पान नाय.

बोल देणारे म्हातारे एकेक करून देवाघरी गेले. बोल राहिला. नारळ काही कोणी ठेवला नाही.

या सगळ्यात अडकली धोंडुबाई. ती वरच्या पाड्याची लेक आणि खालच्या पाड्याची सून. लग्न वैशाखात झालं आणि फळ्या श्रावणात निघाल्या. भाद्रपदात तिची पहिली गौर. शिरखारची रीत अशी की नव्या लग्नाच्या बाईने पहिल्या गौरीला ओवसा घ्यायचा. सुपांत फळं, पानं, काकडीचे काप, रानातली फुलं भरायची आणि गौरीला ओवाळायची. पाच सुपं सासरच्या गौरीला, पाच माहेरच्या. माहेरची सुपं भावाने आपल्या हाताने रिकामी करायची आणि त्यांत लुगडं ठेवायचं, तेव्हा ओवसा पुरा. धोंडुबाईची सासरची पाच झाली. माहेरची पाच भरून ओटीवर राहिली, आणि माहेर तर ओटीवरून दिसत होतं.

तेव्हापासून ओवसा अर्धा. सुपांना वाळवी लागायची, मग ती पेणहून नवी आणायची. बुरूडसुद्धा विचारायला लागला होता, "मावशी, तुमची गौर सुपं खाते का गो?"

घेतला वसा अर्धा टाकू नये, हे काय कोणी तिला शिकवायला नको होतं. आणि आता तिला घाई होती. ओवसा सवाष्णीचा. तिचा नवरा नाथा, सारी उमर मिठागरात गेलेला, आता ओटीवर बसून खोकायचा. खोकून झालं की म्हणायचा, "धोंडू, काय ते उरकून घे. माझा भरवसा नाय."

"उगाच अभद्र बोलू नका."

"अभद्र कसलं. हिशोबाचं बोलतोय. मी गेलो की तुझा ओवसा पण गेला. मग वर येऊन मला बोल लावशील."

धोंडुबाई पेणच्या बाजारात मासे विकायची, आणि एक सांगायलाच हवं, तिच्या पाटीला पाटी लावून तिची भावजय गोदूबाई बसायची. वरच्या पाड्याचा पुढारी कान्हू हा धोंडुबाईचा थोरला भाऊ, त्याची ही बायको. भांडण वेशीच्या आतलं होतं. बाजारात फक्त भाव. बाप्ये बाजारात फिरकत नसत, म्हणून नणंद-भावजयी निवांत होत्या. एसटीत मात्र एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि तोंडं खिडकीबाहेर.

श्रावणातला पहिला शुक्रवार होता. बाजार ओस. अशा दिवसांत नेमाने येणारं गिऱ्हाईक म्हणजे रूथ मॅडम. त्या रोह्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि पेणला आई ज्युडिथबाईंबरोबर राहायच्या. भाऊ आयझॅक केव्हाच इस्रायलला गेला होता. आई जायला तयार नव्हती; तिचं म्हणणं, तिकडे देव असेल, पण जिताडा नाही. घर ज्यू. शनिवारी शब्बाथ, म्हणजे चूल न पेटवायचा दिवस, म्हणून शुक्रवारी मासे, आणि तेही धर्माच्या नेमाने खवल्यांचेच. धोंडुबाई जिताडा त्यांच्यासाठी राखून ठेवायची, आणि कोळंबीचा थेंबही लागू नये म्हणून पाटी वेगळी.

"रूथबाय, कॉलेजात सध्या काय चाललंय?" खवले काढता काढता तिने विचारलं.

"अमेरिकेतली यादवी चालू आहे."

"अजून चालूच हाय?"

"संपून सव्वाशे वर्षं झाली हो. वर्गात चालू आहे."

"कोणाकोणात झाली?"

"आपसातच. एकाच देशातले. नकाशात वर राहणारे आणि नकाशात खाली राहणारे."

धोंडुबाईची सुरी थांबली. शेजारून गोदूबाईनेही मान वर केली.

"तिकडं पण वरचे-खालचे?" धोंडुबाई म्हणाली. "आणि उघाडी?"

"उघाडी नाही. तिथे माणसं बाजारात विकत होते, ढोरं विकावीत तशी. खालच्यांना ते तसंच चालू ठेवायचं होतं."

"म्हंजे कारण तरी मोठं हाय," गोदूबाई म्हणाली. "आमच्यासारखं फळ्यांचं नाय."

"मग मिटलं कसं?" धोंडुबाईने विचारलं.

"लढाई मिटली. बोलणं मिटलं नाही. दर पिढीत कोणीतरी नव्याने लिहितं."

"नव्यानं काय लिवायचंय? झालं ते झालं."

"झालं ते झालंच," रूथ पिशवी उघडत म्हणाली. "पण आधीचे विचारायचे, सेनापती कोण, चूक कोणाची. मग कोणी विचारलं, घरी राहिलेल्या बायकांनी काय केलं. कोणी विचारलं, ज्यांना विकत होते त्यांनी स्वतः काय केलं. कोणी नुसता पाऊस आणि ताप बघतं. प्रश्न बदलला की तीच लढाई वेगळी दिसते."

धोंडुबाईने मासा केळीच्या पानात बांधला आणि तो हातात न देता तसाच धरून ठेवला.

"मग एकदा आमची पण बगा."

"मी भांडणं मिटवत नाही हो, धोंडुबाई. मी फक्त बघते."

"तुमी बगा फक्त. मिटवायचं मी बघून घेईन."

घरी आल्यावर रूथने आईला सांगितलं. ज्युडिथबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जा, बघ, चहा पी. निवाडा मात्र करू नकोस. आपले लोक नवगावच्या किनाऱ्याला लागले त्याला दोन हजार वर्षं झाली म्हणतात. घाणे घातले, दोन्हीकडच्यांना तेल दिलं. कोणाच्या भांडणात निवाडा दिला असता तर दुसऱ्याच वर्षी परत जहाजात बसावं लागलं असतं."

रविवारी रूथ शिरखारला गेली. आधी वरच्या पाड्याला, कान्हूच्या घरी. कान्हू उंच, वाकलेला, डोळ्यात मोतीबिंदू, पण आवाज अजून गावकीतला.

"बसा. त्या खुर्चीवर नको. तिथून खालचा पाडा दिसतो."

रूथ दुसऱ्या खुर्चीवर बसली. कान्हूने घसा साफ केला आणि गोष्ट सांगितली. श्रावणातली अवस. काळोख असा की आपला हात आपल्याला दिसंना. खालच्या पाड्याची चार माणसं बांधावर गेली. हातात कंदील, मागे काळा कुत्रा. पुढे त्यांच्या पुढाऱ्याचा, महिपतीचा बाप. भरती चढत होती तेव्हा त्यांनी फळ्या काढल्या, का तर वरच्यांचं पीक आपल्यापेक्षा चांगलं आलं म्हणून पोटात दुखलं.

चहा झाला. रूथ शाळेला वळसा घालून खालच्या पाड्याला गेली. तिथला पुढारी महिपती, नाथाचा धाकटा भाऊ, म्हणजे धोंडुबाईचा दीर. फळ्या निघाल्या तेव्हा तो पोर होता, पण सांगायचा असा जणू बांध त्याच्या डोळ्यांपुढे फुटला.

श्रावणातली अवस. काळोख असा की आपला हात आपल्याला दिसंना. वरच्या पाड्याची चार माणसं. कंदील. पुढे कान्हूचा बाप. भरती चढत होती तेव्हा त्यांनी फळ्या काढल्या, का तर भरतीबरोबर जिताड्याची पिल्लं आपल्या तळ्यात यावीत म्हणून.

"आणि मागे काळा कुत्रा?" रूथने विचारलं.

महिपती चपापला. "तुमाला कोणी सांगितलं?"

"असंच. कुत्रा कोणाचा होता?"

"त्यांचाच. आमच्या कुत्र्यानं असलं काम केलं नसतं."

दुसऱ्या रविवारी रूथ बाप्यांकडे गेलीच नाही. ती सरळ चुलीपाशी जाऊन बसली आणि भलताच प्रश्न विचारला: त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?

"शिजतंय कुठलं," गोदूबाई म्हणाली. "उपास व्हता. आष्टमी ना ती. किसनदेवाच्या जन्माची रात."

"अष्टमी? तुमचे मालक तर अमावास्या म्हणाले."

"त्यांचं काय. पाप झालं म्हणजे अवसच पायजे. आमाला उपासाचा दिवस इसरायला होतो का? वरी भिजत घातली व्हती ती वाहून गेली, ते मला अजून दिसतंय."

"पाणी कुठवर होतं?"

गोदूबाईने हात मांडीपाशी नेला. "जाऊबायचं पोर पाळण्यात व्हतं. पाळणा आढ्याला नेऊन बांधला. आम्ही बाया माळ्यावर बसून गवळणी म्हणत व्हतो, देव तरी ऐकंल म्हणून."

"मग?"

"मग काय, पहाटं बघतो तर पाणी उतरलेलं. चूल दिसत व्हती."

खालच्या पाड्यात धोंडुबाईच्या शेजारणींनी हेच सांगितलं. इथे वरीऐवजी सुंठवडा वाहून गेला होता आणि पाणी कमरेला होतं, कारण पाडा खालचा. पण रात्र अष्टमीचीच आणि पहाटे चूल दिसलीच.

शुक्रवारी रूथ बाजारात आली ती मासे घ्यायच्या आधीच खाली बसली.

"धोंडुबाई, अष्टमीला मध्यरात्री खाडीला काय असतं?"

"काय असायचंय? ओहोटी. भांगेचं पाणी, उधाणाचा जोर नसलेलं. चिखल उघडा पडतो." हे शिरखारच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण बोलून झाल्यावर धोंडुबाईचा हात जिताड्यावर तसाच राहिला. तिने गोदूबाईकडे बघितलं. गोदूबाईने तिच्याकडे.

"म्हंजे फळ्या काढल्या तवा पाणी आत आलंच नाय," धोंडुबाई सावकाश म्हणाली. "बाहेर गेलं."

"पावसाचं पाणी बाहेर गेलं. म्हणून पहाटे चूल दिसली. नाहीतर पाळणा आढ्याला बांधूनही उपयोग नव्हता."

"आणि सकाळच्या भरतीला फळ्या परत…" गोदूबाईने सुरुवात केली.

"वयनी," धोंडुबाई म्हणाली, "ते आता राहू दे."

पुढे पंधरा ऑगस्ट आला. झेंडावंदन शाळेत, आणि शाळा कोणाचीच नाही, म्हणून दोन्ही पाडे यायचे. मैदानात मधून चुन्याची रेघ. वरचे रेघेच्या वर, खालचे खाली. हेडमास्तरांनी लाडू वाटायच्या आधी रूथला चार शब्द बोलायला सांगितलं. लाडू मागे ठेवले होते, म्हणून कोणी उठून गेलं नाही.

रूथ हळूच बोलायची. तिने पाणी कुठवर चढलं ते सांगितलं, पाळणा सांगितला, मग म्हणाली, "ती रात्र गोकुळाष्टमीची होती."

"अवस," कान्हू रेघेवरून म्हणाला.

"अवस," महिपती रेघेखालून म्हणाला.

"आष्टमी," दोन्हीकडच्या बाया एकदम म्हणाल्या, आणि आपण काय केलं हे कळून पदर तोंडाला लावून बसल्या. चाळीस वर्षांत दोन्ही पाडे एका सुरात बोलल्याचा हा पहिलाच प्रसंग.

"अष्टमीला मध्यरात्री ओहोटी असते, हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही," रूथ म्हणाली. "फळ्या ज्यांनी कोणी काढल्या, त्यांनी गाव बुडवलं नाही. त्यांनी गाव वाचवलं. ते कोण होते, मला माहीत नाही. आणि निवाडा करणं माझं काम नाही."

मग महिपती खाकरला.

"तसं बगायला गेलं तर," तो म्हणाला, "आमचा बा त्या राती घरात नव्हता."

"नव्हताच," कान्हू म्हणाला. "माळ्यावर चढून बसला व्हता. घरात नव्हता तो आमचा बा. कंदील घेऊन गेला व्हता."

"कंदील आमचा."

"कंदील तुमचा कसा? चाळीस वर्षं तूच सांगतोस ना, कंदील आमचा म्हणून?"

"ते तवा. आता नीट आठवलं."

"आणि कुत्रा?" मागून कोणीतरी विचारलं.

"आमचा," दोघे म्हणाले.

त्या दिवसापासून शिरखारची लढाई उलटी फिरली. जे पाप चाळीस वर्षं समोरच्याच्या दारात टाकत आले, तेच पुण्य म्हणून ओढून आपल्या दारात आणायला लागले. गणपतीत दोन्ही पाड्यांनी देखावा केला तो उघाडीचा: थर्माकोलचा बांध, निळ्या कागदाचं पाणी आणि बांधावर कंदील घेतलेला आपापला बाप. पुतळे दोघांनीही पेणला, मूर्तीच्या कारखान्यात सांगितले, आणि अर्थात एकमेकांना न कळवता. ऐन सीझन, कारखानदाराला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्याच्याकडे म्हाताऱ्याचा साचा एकच होता. त्याने दोघांना तोच म्हातारा दिला. वरच्यांना लाल मुंडासं, खालच्यांना पिवळं. कुत्रा तर रंगानेही सारखाच.

आणि कर्णे. आरती झाली की महिपती माइक हातात घ्यायचा: "शिरखारच्या समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, उघाडी आमीच उघडली." शाळेच्या पलीकडून कान्हूचा कर्णा: "खोटं हाय. आमीच उघडली." बाप्पा मध्ये. दोन्हीकडे कान तेवढे मोठे, पण बिचारा काय करणार.

रूथला बाजारात यायची लाज वाटत होती. "मी मिटवायला गेले नव्हते," ती धोंडुबाईला म्हणाली, "पण वाढवायलाही नव्हते."

"वाढू दे. चांगली वाढू दे," धोंडुबाई म्हणाली. तिच्या मागे पाच कोरी सुपं एकात एक घालून ठेवली होती. "काल भावजींनी माइकवर किती येळा सांगितलं, ऐकलंस का गो वयनी?"

"आमच्यांनी पण," गोदूबाई म्हणाली. "आवाज बसलाय. मी आल्याचा काढा दिला, म्हटलं उद्या पण सांगा."

रूथने दोघींकडे बघितलं. दोघी मासे निवडण्यात गर्क होत्या.

गौरी आल्या. दुसऱ्या दिवशी ओवसा. त्या सकाळी धोंडुबाई नवं पातळ नेसली, सुपं भरली, काकडी, केळी, पाच पानं, तेरड्याची फुलं, वर दोऱ्याचे पाच वेढे, आणि अंगणात आली. पाठोपाठ नाथा, खोकत.

महिपती दारात आडवा. "वयनी, कुठं निघालात?"

"माहेरी. ओवसायला."

"डोकं फिरलंय का? गावकीचा बोल हाय."

"त्याच्यासाठीच तर तुमच्या दारात थांबलेय," धोंडुबाई म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, म्हणून अंगणातली बाकीची माणसं जवळ सरकली. "बोल काय हाय भावजी? ज्यानं उघडली त्यानं चारचौघांत सांगावं, आणि पलीकडच्या गौरीपुढं नारळ ठेवावा. सांगून तर तुमी झालात. माइकवर सांगितलंत. आता नारळ राहिला." तिने पदराआडून सोललेला नारळ काढला. "शेंडी ठेवलीय. घ्या."

महिपतीने नारळाकडे बघितलं, जणू तो उडी मारील.

"मी जाऊ? त्यांच्या गौरीपुढं?"

"नका जाऊ. मग गावकी म्हणंल, यांनी उघडली नाय, नुसती फुशारकी. आणि दादा आमचा नारळ घेऊन निघालाय असं ऐकते. त्यानं आधी ठेवला तर उघाडी त्यांनीच उघडली, झालं. जो नारळ ठेवील त्याची उघाडी. बोल तसाच हाय."

महिपतीने टाचा उंचावून शाळेपलीकडे पाहिलं. खरंच, वरच्या पाड्यातून कान्हू निघाला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नारळ, आणि मागून गोदूबाई काहीतरी सांगत होती, बहुधा "पाय उचला".

महिपतीने नारळ हिसकावला आणि निघाला. आधी चालला. मग कान्हूचा वेग वाढलेला दिसला म्हणून झपाझप चालला. मग धोतराचा सोगा वर खोचून पळायलाच लागला. कान्हूला मोतीबिंदूमुळे महिपती दिसत नव्हता, पण पायांचा आवाज ऐकू येत होता. त्याने काठी काखेत मारली आणि तोही धावला. दोन पुढारी आपलं पाप कबूल करायला जिवाच्या आकांताने पळताहेत, हे बघायला दोन्ही पाडे शाळेच्या मैदानात गोळा झाले. पंधरा ऑगस्टची चुन्याची रेघ केव्हाच पावसाने धुऊन गेली होती, त्यामुळे कोणी कुठे उभं राहायचं ते कोणाला सुचेना, आणि सगळे एकत्रच उभे राहिले.

दोघे मैदानात एकमेकांना घासून गेले. कान्हू खालच्या पाड्यात शिरला, महिपती वरच्या.

त्या गर्दीतून धोंडुबाई हळूहळू चालत माहेरी गेली. नाथा म्हणाला, "धोंडू, दम काढ. तुझा ओवसा हाय, शर्यत नाय." वाटेवरचा आंबा तिच्या लग्नात हातभर होता, तो आता आभाळाला टेकला होता. उंबऱ्याशी गोदूबाईने तिच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. आत महिपती गौरीपुढे नारळ ठेवून भिंतीला टेकून बसला होता, घामाघूम.

"वयनी," तो म्हणाला, "मीच पयला ना?"

"तुमीच," धोंडुबाई म्हणाली.

तिने पाची सुपं गौरीला ओवाळली. आता ती भावाने रिकामी करायची. आणि भाऊ तर नारळ घेऊन खालच्या पाड्याला.

मग वाट बघणं आलं. धोंडुबाई माहेरच्या ओटीवर पाय पसरून बसली. गोदूबाईने घावन केले. एवढ्या वर्षांचं बोलायचं होतं, पण ते सगळं रोज बाजारात बोलून झालेलं होतं, म्हणून दोघी घावन जाळीदार झाले की नाही एवढंच बोलल्या. समोर खालचा पाडा दिसत होता. तिचं स्वतःचं घर तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरून पाहिलं. कौलं बदलायला झाली होती.

कान्हू बऱ्याच वेळाने आला. खालच्या पाड्यात त्याला चहा पाजला होता, मग भाकरी, मग कोणी तरी त्याची जुनी म्हातारी कोंबडी दाखवली होती. तो बहिणीसमोर खाली बसला. बोटांनी चाचपत एकेक सूप रिकामं करत गेला, काकडी वेगळी, केळी वेगळी. गोदूबाईने पेटीतून लुगडं काढून त्याच्या हातात दिलं. हिरवं होतं, घडीवर पिवळं पडलेलं. ते त्याने शेवटच्या सुपात ठेवलं.

"जरा उशीर झाला," तो म्हणाला.

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "जरासा."

नाथा ओटीवरून खोकला. "म्हंजे आता मी मेलो तरी चालंल?"

"गप बसा आणि घावन खावा."

धोंडुबाई निघाली तेव्हा कान्हूने तिला दाराशी गाठलं. "धोंडू, खरं सांग. पयला कोण पोचला? मीच ना?"

"तूच, दादा."

रूथ त्या दिवशी नव्हती, शब्बाथ होता. पुढच्या शुक्रवारी बाजारात तिला सगळं कळलं. अर्धं धोंडुबाईकडून, अर्धं गोदूबाईकडून, आणि मधलं दोघींच्या हसण्यातून. दोघी आता एसटीत एका बाकावर बसून आल्या होत्या. कंडक्टरने घाबरून तिकीटच फाडलं नव्हतं.

"मग लिहू काय?" रूथने विचारलं. "उघाडी कोणी उघडली?"

"दोघांनी उघडली, असं लिवा. दोन्ही गौरींपुढं नारळ हाय."

"आणि आधी कोण पोचलं?"

"ते पण दोघं."

रूथ हसली. मग तिच्या चेहऱ्यावर वर्गातली ती जुनी रेघ उमटली, एक प्रश्न संपला की दुसरा दिसणाऱ्या माणसाच्या कपाळावर उमटते तशी.

"एक मात्र राहिलंच," ती म्हणाली. "पाणी बाहेर गेलं, गाव वाचलं. पण सकाळच्या भरतीच्या आत फळ्या परत लावायच्या होत्या. त्या लावायचं काम कोणाचं होतं?"

गोदूबाईने चटकन आपली पाटी सावरली. धोंडुबाईने जिताडा उचलला, केळीच्या पानात गुंडाळला आणि रूथच्या पिशवीत स्वतःच्या हाताने ठेवला.

"रूथबाय," ती म्हणाली, "मासा ताजा हाय, लवकर घरी न्या. आणि पुढल्या गौरीला पण मला माहेरी जायचंय."